गाडी 2013 ची घेऊ की 2019 ची? ताई, आधी छतावर पाणी सोडा

पत्र, थोडं कमी करून:

"दादा, मी खारघरला राहते. मिस्टर मार्चमध्ये रिटायर होतायत, आणि आम्ही दोघं आणि सासूबाई (वय 79) असं तिघांनी कोकण, जमलं तर पुढे कर्नाटक, निवांत फिरायचं ठरवलंय. त्यासाठी जुनी कॅम्पर व्हॅन, आत झोपायची-जेवण करायची सोय असलेली, घ्यायचीये. दोन पसंत पडल्यात, दोन्ही फोर्सच्या ट्रॅव्हलर. पहिली 2013 ची, एमएच-04, ठाण्यातल्या एका वयस्कर जोडप्याची. पांढरी प्लेट, आरसीवर कॅम्पर व्हॅन असंच लिहिलंय, 88 हजार किलोमीटर, पण दोन वर्षं सोसायटीतच उभी आहे. आतलं फर्निचर जुनाट दिसतं, बाथरूमच्या दाराशी फ्लोअर जरा दबतं. साडेसात लाख सांगतायत. दुसरी 2019 ची, एमएच-14, आधी टूरिस्टला होती, अजून पिवळी प्लेट आहे, 2 लाख 10 हजार चाललीये. शिळफाट्याकडच्या एका गाडीविक्रेत्याने गेल्या वर्षी आतून सगळी नवी केली, स्प्लिट एसी, इंडक्शन, टीव्ही, सगळं. सव्वाअकरा लाख. पेपरचं नंतर होऊन जाईल म्हणतो. मिस्टरांना दुसरीच हवी, कारण डिझेल गाडीला दहाच वर्षं असतात, पहिली उद्या भंगारात काढावी लागेल असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. बजेट एकूण बारा लाख, त्याच्यावर एक रुपया नाही. काय करू?"

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वही घेऊन बसलो. तुम्ही इतकं नीट लिहिलंय की अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, दाराशी दबणारं फ्लोअर आणि "पेपरचं नंतर होऊन जाईल" या दोन ओळींतच.

आधी मिस्टरांची भीती घालवू. डिझेलला दहा वर्षं हा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाचा आहे, एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) 2015 मध्ये काढलेला आणि सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये कायम ठेवलेला. महाराष्ट्रात तो नाही. आपल्याकडे खासगी गाडीची आरसी 15 वर्षं चालते, नंतर फिटनेस (गाडी धड आहे का याची आरटीओची तपासणी, म्हणजेच पासिंग) करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे पहिल्या गाडीला 2028 पर्यंत काही करायचं नाही, तेव्हा पासिंग करून घ्यायचं, रिन्यूअलची फी आणि पर्यावरण कर भरायचा, की पुढची पाच वर्षं मोकळी. उलट पिवळ्या प्लेटच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, म्हणजे 2019 ची गाडी पिवळीच राहिली तर 2027 पासून दर वर्षी तुम्ही आरटीओत. ज्या गाडीला मिस्टर लांब पल्ल्याची समजतायत तिच्याच मागे हे जास्त लागणार. (कर्नाटकात एमएच नंबर घेऊन फिरायला अडचण नाही, फक्त दिल्लीकडचा बेत निघाला तर पहिली गाडी नेण्याआधी तिथला तेव्हाचा नियम बघून घ्या.)

आता वय. कॅम्पर व्हॅनला एकच वय नसतं हो ताई. चेसिस आणि इंजिनचं एक वय, आत बांधलेल्या घराचं दुसरं, आणि कागदांचं तिसरं. जाहिरातीत फक्त पहिलं छापतात. तुमच्या दुसऱ्या गाडीचं चेसिस 2019 चं, पण ते टूरिस्टला 2 लाख 10 हजार किलोमीटर झिजलेलं, घर एक वर्षाचं, आणि कागदावर ते घर अजून जन्मलेलंच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आठ वर्षांपूर्वी मी ठाण्यात माझी पहिली व्हॅन घेतली तेव्हा फक्त मॉडेल इयर बघितलं होतं. चार वर्षांची गाडी, आत चकचकीत पांढरा सनमायका, पडदे, एलईडीच्या पट्ट्या, मी एका संध्याकाळीत हो म्हणून आलो. जुलैमध्ये बायकोने चादर काढायला वरच्या कपाटात हात घातला आणि हात ओला होऊन बाहेर आला. चादरीवर काळे ठिपके. मी स्क्रू काढून पॅनल उघडलं तर मागची लाकडी पट्टी बोटाने कुस्करत होती आणि इन्सुलेशन कुणी बादलीत बुडवून चिकटवल्यासारखं टपकत होतं. छतावर बसवलेल्या पंख्याच्या कडेचं सीलंट फुटलं होतं, एवढंच कारण. पण पाणी आत येतं तिथेच टपकत नाही ना, ते पत्र्याच्या आतून रिबवरून धावतं आणि चार फूट लांब कुठेतरी निघतं, तोपर्यंत मधलं सगळं कुजलेलं असतं. पाच आठवडे गाडी उघडी पडून होती, आणि त्या वर्षीची गणपतीची गावची फेरी आम्ही एसटीने केली. तेव्हापासून मी कुठल्याही कॅम्परचं छत आधी बघतो आणि इंजिन नंतर. इंजिन उतरवून बांधता येतं हो, मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. कुजलेलं घर मात्र सगळं उचकटूनच काढावं लागतं. आणि आपल्याकडे एका पावसाळ्यात अडीचएक हजार मिलिमीटर पाऊस पडतो.

म्हणून पहिल्या गाडीच्या मालकांना फोन करा आणि विनंती करा की सोसायटीच्या नळाला पाइप लावून वीस मिनिटं छतावर पाणी सोडायचंय. आधी खाली, मग वर, एका वेळी एकच जागा, स्कायलाइट, पंखा, सोलर पॅनलचे स्क्रू, वायरीचं भोक, मागच्या दाराची वरची कड. एकदम सगळीकडे सोडलं तर पाणी कुठून शिरतंय ते कळणार नाही. मिस्टर बाहेर पाइप धरतील, तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा, सगळे ड्रॉवर बाहेर काढून मागच्या भिंतीवर हात फिरवत राहा. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. आणि पाणी सोडायच्या आधी कपाटात नाक घालून वास घ्या, कोंदट ओल्या गोणपाटासारखा वास आला तर समजायचं, त्या वासावर कितीही फिनेल मारलं तरी तो दबत नाही.

मग बाथरूमच्या दाराशी खाली बसून अंगठ्याने दाबायचं. उभं राहून पायाने नाही, अंगठ्यानेच. प्लाय सुटला असेल तर आत जाऊन सावकाश परत वर येतो. दर चार बोटांवर दाबत जा आणि जिथे कडक लागेल तिथे खडूने खूण करा. शेवटी त्या खुणांच्या आत किती जागा उरते तो खरा आकडा. दोन बाय दोन फूट असेल तर बाथरूमच्या ट्रेचा जॉइंट गळतोय इतकंच, प्लाय कापून नवा टाकता येतो, त्यासाठी गाडी सोडू नका. खूण सरकत सरकत बेडखाली, भिंतीच्या कडेला गेली तर खालून बघा, गाडी पिटवर घ्या, आणि तिथल्या चेसिसच्या क्रॉस मेंबरला (आडव्या लोखंडी पट्टीला) छोट्या हातोडीने टकटक करा. चांगलं लोखंड खणखणतं. गंजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. ठाण्याची गाडी आहे, खाडीची खारी हवा आहे, वरून रंग नवा दिसला तरी खालून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

दोन वर्षं उभी असलेल्या गाडीबद्दल लोकांना वाटतं की बरं झालं, चालली नाही, झिजली नाही. तसं नसतं. टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साचतं, ब्रेकचे पिस्टन चिकटतात, होज पाइप आणि दारांची रबरं कडक होतात, आणि उंदीर वायरी खातात, सोसायटीत उभी असेल तर हमखास. टायरला नक्षी भरपूर असेल पण बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा पडलेल्या असतील. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, 1419 म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वर गेलेले टायर कितीही चांगले दिसले तरी बदलायचेच, भरलेली गाडी घाटात उतरवणार आहात तुम्ही. टायर, हाउस बॅटऱ्या (आतल्या दिव्या-पंख्यांच्या), सगळी ऑइलं आणि फिल्टर, बेल्ट, होज, ब्रेक, टाकी साफ, एवढा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. माझ्या अंदाजाने दोन लाख बाजूला काढा, फ्लोअरचं काम धरून थोडे जास्तच.

इंजिन बघायला जाल तेव्हा आधी कळवून सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गार असलं पाहिजे. गार इंजिन किती सेल्फमध्ये उठतं आणि पहिल्या मिनिटात कसला धूर सोडतं हे बघायचं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून वर ठेवा, झाकण नुसतं थरथरलं तर चालेल, वाफेच्या इंजिनासारखे धुराचे भपके आले तर पिस्टन रिंग गेल्या. एक गोष्ट पहिल्या गाडीच्या बाजूने अशी की ट्रॅव्हलर आपल्याकडे 1987 पासून आहे, तिचं जुनं इंजिन मर्सिडीजच्या ओएम616 या डिझेल इंजिनावरून आलेलं, आणि कसाऱ्यापासून कणकवलीपर्यंत ते उघडलेला मेकॅनिक सापडतो. 2019 ची बीएस-4 (प्रदूषण नियमांचा नंतरचा टप्पा) कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने फवारणारी, ओढायला मस्त, आवाज कमी, मी खोटं सांगणार नाही, चालवायला तीच जास्त आवडेल. पण तिचे इंजेक्टर आणि सेन्सर 2 लाख 10 हजारांवर काय अवस्थेत आहेत ते स्कॅनर लावूनच कळेल, आणि ते बदलायची वेळ आली तर तुमच्याकडे पैसेच शिल्लक नाहीत. सव्वाअकरा गेले की बारातले राहिले पाऊण लाख. ताई, जुनी गाडी घेऊन खिशात पाऊण लाख ठेवून तीन माणसांनी, त्यात 79 वर्षांच्या आईंना घेऊन, कर्नाटकात जायचं नसतं.

टेस्ट ड्राइव्ह पामबीच रोडवर घेऊ नका, सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान चालतात. पहिली ठाण्यातच आहे तर घोडबंदरला गायमुखच्या चढावर न्या, सकाळी लवकर, ट्रक नसताना. दुसरी बघायचीच असेल तर सीबीडीहून पारसिक हिलवर चढवा. सेकंडमध्ये चढताना क्लच घसरतो का आणि टेम्परेचरचा काटा वर सरकतो का बघायचं, उतरताना स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का ते.

आता दुसऱ्या गाडीचे कागद, इथे मला खरंच काळजी वाटते. तिच्या आरसीवर ती अजून प्रवासी टूरिस्ट गाडी आहे. आत सीट नाहीत, बेड आहे, किचन आहे, छतावर एसीचं युनिट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणाऱ्या बदलांबद्दल कडक निकाल दिलाय. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला आपल्याकडे नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे खासगी गाड्यांच्या यादीत, जागा आहे, पण ती कागदावर तशी चढलेली पाहिजे. पहिलीची चढलेली आहे. दुसरीचं परमिट सरेंडर, टॅक्सचा फरक, पिवळीची पांढरी, मग बॉडीच्या बदलाला आरटीओची मंजुरी आणि इन्स्पेक्शन, एवढं सगळं बाकी आहे, आणि टूरिस्टची गाडी म्हणजे कर्जाचा बोजाही असायची शक्यता, परिवहनच्या साइटवर नंबर टाकून तो आणि ई-चलन दोन्ही बघून घ्या. हे सगळं "नंतर होऊन जाईल" इतकं सोपं असतं तर विक्रेत्यानेच करून घेतलं असतं ना, त्याला दीड-दोन लाख जास्त मिळाले असते. आणि उद्या कशेडी घाटात कुठे अपघात झाला, तर आरसीवर एक आणि रस्त्यावर दुसरंच, इन्शुरन्सवाल्याला क्लेम नाकारायला आयतं कारण. तुमची आयुष्याची पुंजी आहे ही.

लायसन्सची चिंता मात्र सोडा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला एलएमव्हीचं (हलक्या मोटारीचं, साध्या कारचं) लायसन्स चालतं, ट्रान्सपोर्ट गाडी असली तरी, नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलंय.

त्या एसीबद्दल पण सांगतो, कारण मला वाटतं मिस्टरांचं मन तिथेच अडकलंय, आणि एप्रिलमध्ये रत्नागिरीत रात्री काय उकडतं ते मलाही माहितीये. विक्रेत्याला विचारा बॅटरी किती. समजा दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर आहेत, म्हणजे बारा व्होल्टने 3,600 वॉट-अवर, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला 1,800. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॉट खातो, वर इन्व्हर्टरचा लॉस. दीड तासात संपलं, रात्री अकराला लावलेला एसी साडेबाराला बंद. इंडक्शन 1,800 वॉटवर चालवलं तर बारा व्होल्टच्या वायरीतून दीडशे अँपिअर जातात, ती वायर किती जाडीची टाकलीये, फ्यूज कुठे आहे हे सुताराने केलेल्या कामात कुणी बघितलंय का? मी अशी वायर मऊ होऊन प्लायला चिकटलेली बघितलीये. पहिलीत पंचवीस वॉटचे दोन बारा व्होल्टचे पंखे लावा, शंभर अँपिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाका, रात्रभर दोन्ही चालून सकाळी चहाच्या वेळी बॅटरी निम्मीच्या वर. प्लगइन करायला जागा मिळेल तिथे एसी हवा असेल तर तो पुढच्या वर्षीही बसवता येतो.

गॅसची शेगडी दोन्हीपैकी कुठल्याही गाडीत असली तर सिलिंडर छोटा, पाच किलोचा, उभा बांधलेला, आणि त्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि खालीच तर तुमचा बेड आहे.

एक काम फार कुणी करत नाही पण तुम्ही करा. गाडी कळंबोलीला ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. पाण्याची टाकी भरलेली, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो हे लक्षात ठेवून, आणि तुम्ही तिघं आत. पावतीवर येईल तो आकडा आरसीवरच्या एकूण वजनाच्या मर्यादेशी ताडून बघा. जाड प्लाय, काचेचे दरवाजे, छतावर एसी असलेल्या गाड्या रिकाम्याच मर्यादेला टेकलेल्या असतात, मग स्प्रिंगचे पाटे बसतात आणि घाटात ब्रेक तापतात.

आणि घरी टेप घेऊन सोसायटीच्या गेटची कमान आणि पोडियमच्या (टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्याच्या) बीमची उंची मोजा. खारघरच्या कितीतरी टॉवरमध्ये पोडियमखाली ट्रॅव्हलर जातच नाही, गाडी रस्त्यावर उभी राहते आणि मग पावसाळाभर उघड्यावर. सेक्रेटरींशी आधी बोलून ठेवा, लेखी घ्या.

तर माझं मत विचाराल तर पहिली. पण पाण्याची टेस्ट आणि हातोडीची टेस्ट पास झाली तरच, आणि साडेसातला नाही. दबणारं फ्लोअर, टायर, बॅटऱ्या यांचा हिशेब कागदावर मांडून सव्वासहापासून बोलायला सुरुवात करा, पावणेसातच्या वर जाऊ नका. ती माणसं स्वतः फिरलेली आहेत, हिशेब समोर ठेवला तर समजून घेतील, आणि त्यांच्याकडून एक संध्याकाळ मागून घ्या, कुठला स्विच कशाचा, टाकी कुठे गळायची, कुठल्या किनाऱ्यावर कुठे उभी करायचे, सगळं लिहून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्या, जुन्या नंबरवर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट आहे ना ते बघितलं, की राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो. टेस्ट फेल झाली तर दोन्ही सोडा, दुसरी "आता तीच उरली" म्हणून घेऊ नका. विक्रेता सगळे कागद स्वतः करून, पांढरी प्लेट आणि आरसीवर कॅम्पर व्हॅन दाखवून मग पैसे मागत असेल, आणि दहाच्या आत देत असेल, तर मला परत लिहा, मग वेगळं बोलू.

आणि रविवारी बघायला जाल तेव्हा आईंना घेऊन जा. पायरीवर त्यांना स्वतः चढू दे, हात देऊ नका. ट्रॅव्हलरची पहिली पायरी उंच असते, दाराशी धरायला दांडा कुठल्या उंचीवर हवा ते त्या हात नेतील तिथे पेन्सिलने खूण करून या. तो दांडा सगळ्यात आधी बसवा, टायरच्याही आधी. मग त्यांना बेडवर पाच मिनिटं आडवं होऊ द्या, आणि रात्री उठून बाथरूमला जायचं झालं तर कुठे पाय टाकतील ते त्यांच्याकडूनच बघून घ्या, कारण ते दबणारं फ्लोअर नेमकं तिथेच आहे.